इंजिन किती वर घ्यायचं? आधी पाण्याचं प्रेशर बघा

प्रश्न : सर, माझी १९ फुटी व्ही-तळाची फायबर बोट आहे, मागे टांगलेलं १५० एचपी फोरस्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, २० इंची शाफ्ट, स्टीलचा तीन पात्यांचा २१ पिचचा (हिशोबाने एका फेरीत २१ इंच पुढे जाणारा) पंखा. फुल थ्रॉटलला ५५०० आरपीएम मिळतो पण जीपीएसवर ताशी ७४ किलोमीटरच्या वर काही जात नाही. मित्र म्हणतो इंजिन ज्या बोल्टच्या भोकांवर बसवतात त्यातली एकदम दोन भोकं, म्हणजे दोन होल वर घे, बोट उडेल. घेऊ का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : एकदम दोन नको. मित्राचा अंदाज बरोबर असू शकतो, पण आधी हिशोब करू. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो (पंख्याच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या), भागिले १०५६, की ताशी मैल येतात. रेशो २.०० धरला (तुमचा मॅन्युअलमध्ये बघा) तर ५४.७ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर. तुम्हाला मिळतात ७४, म्हणजे स्लिप, हिशोबाच्या वेगातली ही घट, १६ टक्के. अशा बोटीत १० च्या आसपास यायला हवी. पण बोट कायम खाऱ्या पाण्यात उभी असते ना, मग आधी तळ बघा, शेवाळ आणि कालवं धरली असतील तर ती खरवडल्याशिवाय इंजिनाला हात लावू नका, निम्मा फरक तिथेच निघतो कधीकधी.

तळ साफ असेल तर माप घ्या. बोट ट्रेलरवर, गवंडी वापरतात तशी अॅल्युमिनियमची सरळ पट्टी तळाच्या मधल्या रेषेला लावून मागे इंजिनापर्यंत काढा, ट्रिम (इंजिनाचा पुढे-मागे कल) असा ठेवा की पंख्याच्या वरची आडवी प्लेट पट्टीला समांतर येईल. साध्या बोटीला प्लेट तळाच्या रेषेत असली की झालं. वेगाच्या बोटीला ती थोडी वर चालते, कारण इंजिनाचा जो भाग पाण्यात घासत जातो तोच वेग खातो. तुमची प्लेट रेषेच्या खाली निघाली तर वर घ्यायला नक्की जागा आहे.

आता माझं कळकळीचं सांगणं. पाण्याच्या प्रेशरचं मीटर बसवल्याशिवाय एक होलसुद्धा वर घेऊ नका. थंड करणारं पाणी आत घेणारी जाळी गिअरकेसच्या (पंख्याजवळच्या खालच्या भागाच्या) बाजूला असते, इंजिन वर गेलं की तीही वर येते आणि पाण्याबरोबर हवा ओढायला लागते. मी एक बोट बघितलीय, इंजिन दोन होल वर घेतलेलं, मालक खूष, वेग वाढला होता. धक्क्याला लागली तेव्हा मागची पाण्याची धार सलग नव्हती, फक् फक् करत तुटक येत होती आणि धारेला हात लावून बघितला तर चटका बसला. उघडल्यावर पिस्टनवर उभे ओरखडे. तो आवाज मी अजून विसरलो नाही.

तर मीटर बसवा, आत्ताच्या उंचीवर फुल थ्रॉटलला किती पीएसआय (प्रेशरचं माप) येतं ते वहीत लिहा, मग एक होल वर. होलांमधलं अंतर बहुतेक इंजिनांना पाऊण इंच असतं. रेवदंड्याच्या खाडीत सकाळी वारा पडलेला असताना ट्रायल घ्या, दोन्ही दिशांना पळवा आणि वेगाची सरासरी काढा, नाहीतर भरती-ओहोटीची ओढ तुम्हाला फसवेल. माणसं आणि पेट्रोल नेहमीइतकंच ठेवा, लाइफ जॅकेट घाला, किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी अंगाला अडकवलेली हवी. वेग वाढला आणि प्रेशर मॅन्युअलमधल्या किमान आकड्याच्या आरामात वर राहिलं तरच पुढचं होल. आरपीएम वाढून वेग तेवढाच राहिला तर पंखा हवा खातोय, एक होल खाली या.

वळणावर पण बघा. पूर्ण वळण घेताना आरपीएम झपकन चढला आणि बोट सुटल्यासारखी झाली तर सपाट खाडीत कितीही भारी वाटलं तरी मांडव्यासमोरच्या लाटांत ते सेटिंग चालणार नाही. समुद्रात रोज जाणाऱ्याने सगळ्यात जास्त वेग देणाऱ्या उंचीपेक्षा एक होल खालीच राहावं, असं माझं ठाम मत आहे. इंजिन वर गेलं की प्लेटखालचा छोटा ट्रिम टॅब (स्टिअरिंगची ओढ कमी करणारं पातं) पाण्याबाहेर येतो आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागतं, केबलचं स्टिअरिंग असेल तर हात भरून येतात, हायड्रॉलिक असेल तर सोपं जातं.

बोल्ट काढाल तेव्हा प्रत्येक भोकात मरीन सीलंट भरा, रिकाम्या राहिलेल्या भोकांतही. ट्रान्समच्या (इंजिन टांगतात त्या बोटीच्या मागच्या भिंतीच्या) आत प्लायवुड असेल तर पाणी मुरून ते कुजतं आणि बाहेरून काही कळत नाही.

प्रश्न : जॅक प्लेट (इंजिन आणि बोट यांच्यामध्ये बसणारी, इंजिन वर-खाली करणारी प्लेट) लावली तर हीच मापं चालतील का? (त्याच वाचकाचा)

उत्तर : नाही. जॅक प्लेटमुळे इंजिन मागे जातं आणि तळाच्या मागे पाणी उसळून वर येतं, साधारण १० इंच मागे गेलं की एक इंच वर घ्यायला जागा मिळते. पण माप पुन्हा पहिल्यापासून घ्या, आणि मीटरकडे बघतच वर चढा.