घोडा लंगडतोय? आधी दुखरी जागा शोधा

प्रश्न : सात वर्षांचा मारवाडी घोडा दुडकीत मान टाकतो. मोतद्दार म्हणतो खांदा उतरलाय, डाग द्या. शेजारी म्हणतात इंजेक्शन मारा. काय करावं? (अकलूज)

उत्तर : डाग देऊच नका. आणि इंजेक्शनही तपासणी होईपर्यंत नको. वेदना दबली की लंगडणं झाकलं जातं आणि कुठला पाय, कुठली जागा हे डॉक्टरांनाही ओळखता येत नाही. (घोडेबाजारात घोडा घेतानाही हे ध्यानात ठेवा. सौद्याच्या दिवशी सरळ पळालेला घोडा औषध उतरल्यावर पुन्हा दुडकीत पाहायलाच हवा.) पुढच्या पायाचं दुखणं बहुतेक वेळा गुडघ्याच्या खाली असतं, त्यातही खुरात. खांदा खोल गेलेला दिसतो, तो बरेचदा पाय न वापरल्याने वाळलेला स्नायू असतो.

कडक, सपाट जागेवर घोडा २५-३० मीटर दुडकीत न्या आणि परत आणा. कासरा सैल धरा, डोकं मोकळं हवं. दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली येतं. इथेच गफलत होते. मान खाली जाते तोच पाय दुखरा समजून चांगल्या पायालाच लेप लावले जातात. मागचा पाय पाहायचा तर घोड्याच्या मागे उभे राहा. कमरेच्या दोन्ही हाडांच्या टोकांवर पांढऱ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावा. जो तुकडा जास्त वर-खाली होईल, त्या बाजूचा पाय दुखतो.

मग जमीन बदलून बघा. मुरमाच्या कडक रस्त्यावर लंगडणं वाढलं तर संशय खुरावर किंवा सांध्यावर जातो, काळ्या मऊ रानात वाढलं तर पायाच्या मागच्या शिरेवर (म्हणजे रक्ताची नस नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी).

आता हात लावा. दोन्ही खुरांवर तळहात ठेवून कुठला गरम लागतो ते पाहा. घोट्याच्या मागे, आतून आणि बाहेरून, बोटं हलकी टेकवा. निरोगी पायाची नाडी जेमतेम लागते. ती ठणठण उडत असेल तर दुखणं बहुधा खुरात आहे. तरीही जागा सापडली नाही तर डॉक्टर घोटा ६० सेकंद वाकवून धरतात आणि लगेच घोडा पळवून बघतात. दोन-चार पावलं अडखळणं चालतं, म्हणून दुसऱ्या पायाशी तुलना हवीच. त्यानंतर नस बधिर करून पाहतात. टाचेच्या वर दोन्ही बाजूंना साधारण दीड-दीड मिलिलिटर २ टक्के लिग्नोकेन दिल्यावर ५ ते १० मिनिटांत घोडा सरळ चालला, तर दुखणं खुरातच, बहुधा टाचेकडच्या भागात. नाही चालला तर एकेक टप्पा वर सरकायचं. हाड मोडल्याची शंका असेल तर मात्र बधिर करायचं नाही. वेदना गेल्यावर घोडा पूर्ण भार टाकतो आणि चीर पुरती उकलते. आधी क्ष-किरण काढा.

प्रश्न : नाल मारून आठ दिवस झाले. काल सकाळी घोडी पाय टेकायलाच तयार नाही. प्रतिजैविक सुरू केलंय. (बार्शी)

उत्तर : खुरात पू झालेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. नालबंदाला आणि डॉक्टरांना एकत्र बोलवा. नाल झटक्यात उपटू नका, एकेक खिळा काढा आणि प्रत्येकाचं टोक बघा, वास घ्या. ओलं, काळं, कुबट आलं तर ते भोक सापडलं. खिळा पांढऱ्या रेघेच्या (खुराची भिंत आणि तळवा जिथे मिळतात तिथली रेघ) आत गेला की जिवंत भाग दुखावतो. लगेच लागला तर घोडा तिथेच पाय ओढतो, नुसता दाब पडत असेल तर काही दिवसांनी लंगडतो.

भोक निचऱ्यापुरतंच करायचं. तळवा मोठा कोरला तर आतला नाजूक भाग बाहेर डोकावतो आणि बरं व्हायला फार वेळ लागतो. दिवसातून दोनदा ५ लिटर कोमट पाण्यात वाटीभर एप्सम मीठ टाकून १५-२० मिनिटं खूर बुडवा. कोरडा करून साखर आणि पोव्हिडोन आयोडीनचा घट्ट लेप भरा, वर कापूस आणि जाड पट्टी. पू निघाला की एक-दोन दिवसांत घोडी भार टाकू लागते. त्याआधी दिलेलं प्रतिजैविक गळू अर्धवट दाबून ठेवतं, म्हणून ते डॉक्टरांना विचारून थांबवा. धनुर्वाताची लस मात्र विसरू नका.

रस्त्यातला खिळा तळाच्या रबरासारख्या भागात मधोमध रुतला असेल तर तो उपटू नका. आणखी आत जाणार नाही असा पाय बांधा आणि खिळा आत असतानाच क्ष-किरण काढा. दिशा कळली नाही तर आतल्या सांध्यापर्यंतची जखम हुकते.

प्रश्न : शर्यतीनंतर पुढच्या पायाच्या नळीच्या (गुडघा आणि घोट्यामधलं हाड) मागे फुगवटा आला. गरम आहे, दाबलं की पाय उचलतो. (सांगोला)

उत्तर : शीर दुखावली आहे. थंड पाण्याची धार २० मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. मध्ये जाड कापसाची पट्टी. काम पूर्ण बंद. चोळू नका, शेकू नका. सोनोग्राफी साधारण आठवड्याने करा, पहिल्या दिवशी इजा पुरती दिसत नाही. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. दोन आठवड्यांनी हाताने धरून ५-१० मिनिटं चालवा, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. दुडकी तीन महिन्यांआधी नाही, पूर्ण काम ९ ते १२ महिन्यांनी. फुगवटा उतरला म्हणजे शीर भरली असं नाही. नवीन तंतू कमी लवचिक असतात, आणि घाई केली की तीच शीर पुन्हा तुटते.

फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक डॉक्टरच रक्तवाहिनीतून देतील. ते रक्तवाहिनीबाहेर गेलं तर मानेचं मांस सडतं. दोन वेदनाशामकं एकदम देऊ नका, पोटात व्रण पडतात.

प्रश्न : वरातीच्या घोडीने रात्री ज्वारीचं पोतं फोडून खाल्लं. आज नीट उभी आहे. (सोलापूर)

उत्तर : तातडीने डॉक्टरांना बोलवा, लंगडण्याची वाट पाहू नका. जास्त धान्य खाल्लं की खुराच्या आतला भाग सुजू शकतो. घोड्याला ओकता येत नाही, डॉक्टर नळीने पोट धुतील. पाय गुडघ्याखालपर्यंत बर्फाच्या पाण्यात ४८ ते ७२ तास सलग ठेवा. चालवू नका, अंथरूण जाड करा. एक-दोन दिवसांत घोडी पुढचे पाय पुढे टाकून मागे भार घेऊ लागली, तर खुरातलं हाड फिरू लागल्याची शक्यता असते. तेव्हा क्ष-किरण त्याच दिवशी काढा.