वाचकांचे प्रश्न : धातूचे पेन घेताना आधी रिफिल पाहावी

प्रश्न : मी नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहे. नोंदवही आणि कार्बन लावलेले चलान यांवर दिवसभर लिहावे लागते. प्लॅस्टिकचे पेन महिन्याभरात तडकते, म्हणून अखंड धातूच्या कांबीतून कातलेले पेन घेण्याचा विचार आहे. पितळ, स्टील, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम यांपैकी काय घ्यावे?

उत्तर : धातू कोणता, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा की त्या पेनात कोणती रिफिल बसते आणि ती पाच वर्षांनीही सीताबर्डीच्या दुकानात सहज मिळेल का. चांगले कातलेले पेन सहसा मोडत नाही. ते निकामी होते ते रिफिल मिळेनाशी झाल्यामुळे, आणि असे पेन कितीही मजबूत असले तरी खणात पडून राहते.

आपल्याकडे यासाठी सर्वांत भरवशाचा आकार म्हणजे ज्याला सगळे ‘पार्करची रिफिल’ म्हणतात तो. १९५४ साली पार्कर जॉटर पेनाबरोबर हा आकार आला आणि पुढे अनेक कंपन्यांनी तो स्वीकारला. लांबी सुमारे ९८ मिलिमीटर, जाडी सुमारे ६ मिलिमीटर आणि मागच्या टोकाला खाचा असलेली प्लॅस्टिकची टोपी, ही त्याची ओळख. त्यात साधी बॉलपेनची शाई मिळते, जेल मिळते आणि युनिबॉलच्या जेटस्ट्रीमसारखी कमी दाबात चालणारी शाईसुद्धा मिळते. म्हणजे पेन तेच ठेवून शाई मात्र कामाप्रमाणे बदलता येते.

आपल्या कामासाठी बॉलपेनचीच शाई घ्यावी. कार्बनची प्रत उमटायला जोर द्यावा लागतो आणि जेलच्या बारीक टोकाला तो जोर मानवत नाही. शिवाय बॉलपेनची शाई तेलाधारित असल्याने कागदावर पाण्याचा थेंब पडला तरी ती सहसा पसरत नाही. नोंदी वर्षानुवर्षे जपायच्या असतील, तर रिफिलवर आयएसओ १२७५७-२ हा उल्लेख शोधावा. दस्तऐवजांसाठी योग्य अशा बॉलपेन रिफिलींचे ते मानक आहे. भिंतीवर टेकवलेल्या कागदावर किंवा पाटी उलटी धरून लिहावे लागत असेल, तर फिशर कंपनीची दाबाखालील वायू भरलेली रिफिल घ्यावी. सोबतचा छोटा प्लॅस्टिकचा जोड लावला की ती पार्करच्या जागी बसते. ती बरीच महाग पडते, त्यामुळे गरज नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

आता धातूकडे वळू. आपण कारखान्यात काम करता, तेव्हा घनतेचे (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) आकडे आपल्याला परिचित असतील : ॲल्युमिनियम सुमारे २.७, टायटॅनियम ४.५, स्टील ८ च्या आसपास आणि पितळ ८.५. एकाच मापाची नळी ॲल्युमिनियमऐवजी पितळेची केली, तर ती तिपटीहून जड होते. खिशात हे वजन चालते, पण सलग लिहिताना मनगटाला जाणवते. आपण दिवसभर लिहिता, म्हणून माझे मत ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियम यांच्या बाजूने आहे. ॲल्युमिनियम ॲनोडाइज केलेले, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने पृष्ठावर टणक थर आणलेले असावे, कारण नुसते ॲल्युमिनियम हाताला आणि कागदाला काळे लागते. टायटॅनियमचे आटे मात्र एकमेकांना घासून धरतात, म्हणून त्यांना वर्षातून एकदोनदा ग्रीसचा किंचित हात द्यावा.

दुकानात पेन हाती आल्यावर टोकाचे छिद्र नीट पाहावे. रिफिलचे टोक छिद्रात सैल असेल, तर प्रत्येक अक्षराला ते डुगडुगते आणि खट् खट् आवाज येतो. लिहून पाहिल्याशिवाय हा दोष कळत नाही. नंतर पेन उघडून आटे मोजावेत. दोनच फेऱ्यांत सुटणारे आटे लवकर सैल होतात, चार-पाच फेऱ्यांचे टिकतात. खटक्याचे पेन घ्यायचे असेल, तर खटक्याचा सुटा भाग बदलता येतो का, हेही विचारून घ्यावे, कारण अशा पेनात सर्वांत आधी झिजते ती कळ.

प्रश्न : मी महाल भागातील एका महाविद्यालयात शिकवते. मी ऑनलाइन मागवलेल्या धातूच्या पेनाच्या वर्णनात ‘जी२ रिफिल’ असे लिहिले होते. म्हणून पायलट जी२ची रिफिल आणली, तर ती जवळजवळ बोटाच्या पेराइतकी बाहेर राहते. दोष पेनाचा की रिफिलचा?

उत्तर : दोष दोघांचाही नाही, घोटाळा नावाचा आहे. ‘जी२’ हे आंतरराष्ट्रीय मानकातील पार्कर आकाराचे सांकेतिक नाव आहे आणि पायलट कंपनीच्या जेल पेनाचे नावही तेच आहे. पायलटची रिफिल सुमारे ११ सेंटिमीटर लांब असते, म्हणजे पार्कर आकारापेक्षा साधारण सव्वा सेंटिमीटर जास्त. ती मागून कापून बसवू नये. जेल रिफिलमध्ये शाईच्या मागे चिकट द्रवाचा थर असतो, तो निघाला तर शाई मागून गळते. आपल्याला जेलच हवी असेल, तर पार्कर आकारातील जेल रिफिल मागावी. तिच्यात शाई कमी मावते, म्हणून उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत एक जादा जवळ ठेवावी. दुकानात जाताना जुनी रिफिल आणि पट्टी सोबत न्यावी.

एक सूचना आणखी करतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की बंद मोटारीत कोणतेही पेन ठेवू नये. रिफिलमधील हवा प्रसरण पावते, शाई पातळ होते आणि टोकातून ओघळून सबंध नळी आतून बरबटते.

प्रश्न : पितळेचे पेन काळपट पडले आहे आणि बोटांना वास येतो. चिंचेने घासावे का? (इतवारी)

उत्तर : घासता येईल, पण रिफिल, स्प्रिंग आणि खटका काढून ठेवल्यावरच. चिंचेचा अंश आट्यांत राहिला तर तिथे पुन्हा डाग पडतात, म्हणून साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच पेन जोडावे. काळपटपणाने पेनाचे काही बिघडत नाही. हिरवट थर मात्र घामाने येतो आणि पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला लागतो, तो लगेच पुसावा. वास अजिबात सोसत नसेल, तर लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, लावण्यापेक्षा स्टीलचे पेन घेणे बरे, कारण लॅकर बोटांच्या जागीच आधी निघतो.