घरची शाळा आणि मुलांचे डोळे

साल २०२०. कोरोनामुळे शाळा मार्चपासून बंद, जूनपासून वर्ग मोबाइलवर. तेव्हापासून पालकांचे तेच ते निरोप येताहेत, म्हणून नेहमीचे प्रश्न इथेच घेते. मात्र वर्तमानपत्रातून कोणाच्या चष्म्याचा नंबर तपासता येत नाही, हे धरून वाचा.

मुलगा सातवीत आहे. तास मोबाइलवर बघावा, लॅपटॉपवर की टीव्हीवर? (पालक, डोंबिवली)

टीव्हीवर. फोन केबलने जोडा आणि त्याला सात-आठ फुटांवर बसवा. ते जमत नसेल तर लॅपटॉप. मोबाइल सगळ्यात शेवटी.

चष्म्याच्या दुकानात निळा प्रकाश अडवणारा ‘ऑनलाइन क्लास स्पेशल’ चष्मा घ्या म्हणाले. दोन घेतले तर सूट आहे. मुलांना नंबर नाही. (सातारा)

मग चष्मा कशाला? पडद्याच्या निळ्या प्रकाशाने मुलांच्या डोळ्यांना इजा होते असा पुरावा नाही. त्याच्या कितीतरी पट निळा प्रकाश दुपारच्या उन्हात असतो. डोळे चुरचुरतात ते पापण्या लवायच्या राहतात म्हणून. टक लावून बघताना आपण निम्म्याहूनही कमी वेळा पापणी मिटतो. दर २० मिनिटांनी २० सेकंद खिडकीबाहेर, निदान २० फुटांपलीकडे बघायला लावा. फुकट आहे, म्हणून त्याची जाहिरात कोणी करत नाही. तरीही डोकं दुखत राहिलं तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

धाकटी मोठ्या शिशूत आहे. शाळा तिला रोज दोन तास ऑनलाइन बसवते. त्याच वेळी मोठ्याचा चौथीचा तास असतो. फोन एकच, तोही मिस्टरांचा. (चिंचवड)

धाकटीचा तास सोडा. केंद्राने जुलैत ऑनलाइन वर्गांसाठी काढलेल्या ‘प्रज्ञाता’ सूचनांमध्ये बालवाडीला दिवसाला फार तर ३० मिनिटं दिली आहेत, तीही पालकांशी बोलायला. पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास. हे शाळेला दाखवा. फी वसूल होतेय असं दिसावं म्हणून दोन-दोन तास चालवणाऱ्या शाळा कमी नाहीत. फोन नसेल त्या दिवशी मोठ्याला बालभारतीचं पुस्तक द्या, टीव्हीवर सह्याद्री वाहिनीची ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लावून द्या. धाकटीने तुमच्याबरोबर शेंगा सोलल्या, दाणे मोजले, की तिची शाळा झाली.

मुलगी साडेपाच वर्षांची. ऑनलाइन वर्गात मान वाकडी करून, एक डोळा बारीक करून बघते. वाचते नीट, डोळा दुखतही नाही. सासूबाई म्हणतात, सवय आहे, जाईल; शिवाय मुलीच्या जातीला इतक्यात चष्मा नको. कोरोना संपल्यावर दाखवलं तर चालेल? (नांदेड)

नाही चालणार. याच आठवड्यात दाखवा.

नीट वाचते ती कदाचित एकाच डोळ्याने. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा बारीकसा तिरळेपणा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. मूल तक्रार करत नाही, कारण त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत चष्मा देऊन आणि चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकून दुसऱ्याला कामाला लावता येतं. पुढे यश कमी होत जातं, आणि मग कितीही भारी चष्मा लावला तरी त्या डोळ्याला स्पष्ट दिसत नाही. ‘कोरोना संपल्यावर’ ही तारीख कोणत्या पंचांगात आहे, मला ठाऊक नाही; मुलीचं वय मात्र थांबणार नाही.

एरवी हे वर्गात बाईंच्या लक्षात येतं, शाळेच्या तपासणीत सापडतं. यंदा दोन्ही नाही. म्हणून हे सगळ्याच आईबापांना सांगते: भिंतीवरच्या कालनिर्णयपासून मुलाला दहा फुटांवर उभं करा. एक डोळा तळहाताने झाका, बोटांनी नको, मुलं फटीतून बघतात. तारखा वाचून घ्या, मग दुसरा डोळा झाका. एका वेळी वाचलं आणि दुसऱ्या वेळी हात ढकलला, चिडचिड केली, तर ताबडतोब निघा. तुमच्या मुलीने दोन्हींनी वाचलं तरी तिला न्यायचंच आहे. दुकानातल्या मशीनवर भागवू नका. लहान मुलांचा खरा नंबर थेंब घालून, बाहुली मोठी करून तपासावा लागतो. फोन करून वेळ घ्या, एकानेच बरोबर जा, मास्क लावा. सासूबाईंशी हवं तर मी बोलते.

मुलाचा नंबर सहा महिन्यांत उणे दीडवरून उणे सव्वादोन झाला. व्यायामाने चष्मा उतरवणारं एक ॲप आहे, पैसे भरू का? (ठाणे)

नका भरू. डोळ्याचा गोळा लांबला की उणे नंबर वाढतो. तो व्यायामाने आखडत नाही. रोज दीड-दोन तास उघड्यावरच्या उजेडात घालवण्याचा उपयोग होतो, नंबर लागण्याआधी जास्त, नंतर थोडा. सोसायटीने गच्चीला कुलूप घातलं असेल तर पाळ्या लावून मुलांना सोडा म्हणावं. वाढ मंदावणारे ॲट्रोपिनचे सौम्य थेंबही आहेत, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. वाढ जास्त आहे, तपासणी लांबवू नका.

मध, गुलाबपाणी, काजळ? (अनेक जण)

तिन्ही नाही.

तास संपला की मुलीचे डोळे लाल होतात, खाजतात. मेडिकलमधून आणलेल्या थेंबांनी लगेच बरं वाटतं. महिनाभर घालतोय, चालू ठेवू का? (कोल्हापूर)

बाटलीवरचं नाव वाचा. इतक्या पटकन बरं वाटतं तेव्हा त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. ते मनाने महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होऊ शकतो, आणि तो दुखत नाही म्हणून कळत नाही. आणखी बाटली आणू नका. आहे ती घेऊन उद्याच नेत्रतज्ज्ञांकडे जा, दाब मोजून घ्या. थेंब एकदम थांबवायचे की हळूहळू, ते तेच सांगतील.