खिडकीतून बंदर दिसलं नाही तरी चालेल

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझ्या यजमानांचं पोटाचं ऑपरेशन होऊन महिना झाला. त्यांना आठवडाभर समुद्राकाठी निवांत राहायचंय, म्हणून एका बंदराच्या गावात फ्लॅट बघतेय. आमची ब्राउनी (लॅब्राडॉर, वय ९ वर्षं) बरोबर येणार. तिला सोडून जायला ते तयार नाहीत. दोन जागा समोर आहेत. एक थेट धक्क्यासमोर, तिसऱ्या मजल्यावर, मोठी गॅलरी, बोटी दिसतात, लिफ्ट नाही. दुसरी मागच्या गल्लीत तळमजल्यावर, पुढे बंदिस्त अंगण आहे, पण समुद्र दिसत नाही. कुत्रा दोन्हीकडे चालतो. ब्राउनी गडगडाटाला फार घाबरते आणि उठताना तिचे मागचे पाय आखडतात. कोणती जागा घेऊ?

उत्तर : मागच्या गल्लीतली. गॅलरीचा मोह मला कळतो, पण तुम्ही विश्रांतीसाठी निघाला आहात आणि रात्री ब्राउनी झोपली तरच तुम्ही दोघं झोपाल.

बंदराला रात्र नसते. बोटी घड्याळावर निघत नाहीत, पाण्यावर निघतात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आज पहाटे चारला सुरू झालेली इंजिनं उद्या पाचच्या सुमारास सुरू होतील. ठरावीक वेळेच्या आवाजाची कुत्र्याला सवय होते, अशा सरकत्या आवाजाची होत नाही. त्यात भोंगे, साखळ्यांचा खणखणाट, बर्फाच्या गाड्या. शिडाच्या बोटी असतील तर वारा सुटला की दोर डोलकाठ्यांवर आपटून रात्रभर टिकटिक करतात. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. आपण ज्याला शांतता म्हणतो, तिथेही ब्राउनीला बरंच काही ऐकू येत असतं. गडगडाटाला घाबरणारी कुत्री धक्क्यासमोर दर तासाला उठेल, भुंकेल, आणि तिला शांत करायला यजमान उठतील.

जिन्याचंही तेच. तिला दिवसातून चार-पाच वेळा खाली न्यावं लागेल. वय झालेल्या लॅब्राडॉरला कंबरेचं आणि कोपराच्या सांध्यांचं दुखणं अगदी नेहमीचं, आणि चढण्यापेक्षा उतरताना पुढच्या पायांवर जास्त भार येतो. तिसऱ्या दिवशी ती जिन्याच्या तोंडाशी बसून राहिली, तर उचलणार कोण? लॅब्राडॉर म्हणजे तीसेक किलो. तळमजल्यावर दार उघडलं की अंगण, प्रश्न मिटला.

हे फक्त ब्राउनीपुरतं नाही म्हणून कळकळीने सांगते : फिरताना पट्टा यजमानांच्या हातात देऊ नका. मासळीचा वास आला की शांतातली शांत लॅब्राडॉरही जिवाच्या आकांताने ओढते, आणि तो झटका थेट पोटाच्या टाक्यांवर बसतो. वजन उचलायला आणि ओढायला कधीपासून चालेल, हे त्यांच्या सर्जनला विचारा. तोवर पट्टा तुमच्याकडे, आणि गळपट्ट्याऐवजी छातीवरून बांधायचा हार्नेस. सोबत चालायचं काम त्यांनी खुशाल करावं.

पैसे भरण्याआधी घरमालकांना फोन करा. ‘कुत्रा चालतो’ याचा अर्थ प्रत्येक घरात निराळा असतो. ती थोडा वेळ एकटी राहिली तर चालेल का? सोफ्यावर चढली तर? अंगणाचं फाटक खालून किती उंच आहे? आणि एक प्रश्न कुणी विचारत नाही, तो तुम्ही नक्की विचारा : घरात उंदरांचं औषध ठेवलंय का, कुठे ठेवलंय? बंदराजवळ उंदीर-घुशी असतातच, आणि ओट्याखाली, फ्रिजमागे औषधाच्या वड्या राहून जातात. रक्त गोठू न देणाऱ्या औषधांची लक्षणं दोन-तीन दिवस दिसतही नाहीत. कुत्रं खात-पीत असतं आणि आत रक्तस्राव सुरू झालेला असतो. खाल्ल्याची नुसती शंका आली तरी त्याच दिवशी वेष्टन घेऊन डॉक्टरांकडे जा. ‘व्हिटॅमिन के१’ वेळेवर मिळालं तर बहुतेक कुत्री वाचतात. पोहोचल्यावर सामान उघडण्याआधी गुडघ्यांवर बसून सगळे कोपरे बघा.

उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो माणसांनाही. तिची लस वर्षभराच्या आत झालेली आहे ना, आत्ताच कार्ड काढून बघा. पूर्वी कधीच दिली नसेल तर काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी आठवून उपयोग नाही. साचलेल्या डबक्यातलं पाणी तिला पिऊ देऊ नका.

धक्क्यावर मला सगळ्यात जास्त भीती गळांची वाटते. आमिषाचा तुकडा लागलेला गळ, त्याला तंगुसाचा दोरा, तो जाळ्यांच्या ढिगात पडलेला, आणि लॅब्राडॉरचं नाक. गळ गिळला गेला आणि दोरा तोंडातून लोंबत असला, तर ओढायचा नाही. ओढला की काटा अन्ननलिकेत रुततो. कापायचाही नाही, त्या टोकाचा आम्हाला गळ काढताना उपयोग होतो. उलटीचं औषध तर मुळीच नको. तसंच उचलून दवाखाना गाठा. त्यासाठी त्या गावातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर घरून निघतानाच फोनमध्ये असू द्या.

ओहोटीला उघड्या पडलेल्या उतारावर हिरवं शेवाळं असतं, तिथे आखडलेल्या पायांनी उतरायला नको. धक्क्याची भिंत सरळ उभी असते. कुत्रं पोहत राहतं, पण वर येऊ शकत नाही आणि दमून बुडतं. म्हणून धक्क्याच्या कडेला पट्टा आखूड धरा.

पाण्यात खेळवायचं असेल तर बंदर सोडून शांत किनारा गाठा, आणि गोडं पाणी सोबत न्या. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. चेंडू तोंडात धरून पोहणारं कुत्रं नकळत बरंच पाणी गिळतं. जुलाब-उलट्या झाल्या तर खेळ थांबवा. झोकांड्या किंवा थरथर दिसली तर थेट डॉक्टर.

सामानात तिचं अंथरूण न धुता न्या. नव्या घरात तिच्या ओळखीचा तेवढाच वास असेल. नेहमीचंच खाणं, नेहमीच्याच वेळा. फरशी गुळगुळीत असेल तर बिछान्यापासून दारापर्यंत रबरी मॅट टाका. पहिला दिवस कुठेही जाऊ नका. तिला घर हुंगू द्या, अंगणात पडू द्या, तुम्हीही पडा. बोटी दुसऱ्या दिवशीही तिथेच असतील. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर धक्क्यापर्यंत रमतगमत जा आणि यजमान दमले की परत फिरा.

प्रश्न : आमचा पग दोन वर्षांचा आहे. बंदरातून फेरीबोटीने पलीकडच्या बेटावर दिवसभर न्यावा का?

उत्तर : उन्हाळ्यात नको. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापा टाकूनही अंग पुरेसं थंड करता येत नाही, आणि बोटीचा लोखंडी डेक, चढायची फळी दुपारी तापलेली असते. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. थंड दिवसात, सकाळच्या फेरीने, पाठीवर धरायला मूठ असलेलं लाइफ जॅकेट घालून न्या. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी द्या.