शहरात रानमधमाश्यांच्या जाती खेड्यापेक्षा जास्त असतात का?

शेतीच्या भागापेक्षा शहरात रानमधमाश्यांच्या जाती अधिक आढळतात हे खरे कसे असू शकेल, असे आपण विचारले आहे. काही ठिकाणी ते खरे आहे, परंतु तुलना कोणत्या प्रकारच्या ग्रामीण भागाशी केली आहे, हे कळल्याशिवाय त्या विधानावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, असे माझे मत आहे.

2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधील 12 शहरे पाहिली गेली आणि तेथे मधमाश्यांच्या जाती शेतजमिनीपेक्षा जास्त भरल्या. माझ्या मते यात शहराच्या गुणापेक्षा आधुनिक शेतीचा दोष अधिक दिसतो, कारण दूरवर एकच पीक असले की ते फुलते तेवढे दिवस सुकाळ असतो, आणि बांधावरची रानफुले तणनाशकाने गेलेली असल्यामुळे पुढे खायला काहीच उरत नाही. बागा, मोकळे भूखंड आणि दफनभूमी यांमुळे शहरात मात्र काही ना काही सतत फुललेले असते. मिश्र पिके, कुरणे व पडीक जमीन राखलेल्या ग्रामीण भागाशी तुलना केल्यास शहराचे पारडे इतक्या सहज जड होणार नाही.

केवळ जाती मोजल्याने कोणत्या नाहीशा झाल्या, हेही लपते. जगातील 20,000 हून अधिक ज्ञात जातींपैकी बहुसंख्य जातींतील मादी एकटीच घरटे करते, आणि यांतील बहुतेक जाती जमिनीत बिळे खणतात. काँक्रीट आणि फरसबंदी यांचा फटका प्रथम त्यांनाच बसतो, तर भिंतीतील भोके वा पोकळ काटक्या वापरणाऱ्या जातींना शहर मानवते. ठरावीक वनस्पतींचेच परागकण पिलांसाठी गोळा करणाऱ्या जातीही शहरात मागे पडतात, आणि लहान आकाराच्या माश्या घरट्यापासून काहीशे मीटरच उडू शकत असल्यामुळे दोन बागांमधील अंतरही त्यांना जड जाते. शिवाय शहरी यादीत परक्या जातीही मोजल्या जातात: पूर्व आशियातील मेगाकाईल स्कल्पचरॅलिस ही माशी युरोपात प्रथम 2008 साली फ्रान्समधील मार्सेय शहराजवळ नोंदली गेली.

गच्चीवर पाळीव मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्याने ही विविधता वाढत नाही (हा गैरसमज फार पसरलेला आहे); फुले मर्यादित असतील तर हजारो कामकरी माश्यांची एक वसाहत रानमाश्यांच्या वाट्याचा मकरंद व परागच घेऊन जाते.