आठवीतल्या मुलीला जगण्याच्या झुंजीची आणि डिस्टोपियन पुस्तकं कोणती द्यावीत?

ताई, तुमची मुलगी तेरा वर्षांची, सेमी-इंग्रजीत आठवीला. ‘हंगर गेम्स’चे सिनेमे बघून झालेत आणि आता तिला ‘तसलीच’ पुस्तकं हवीत. त्यात पोरंच पोरांना मारतात, म्हणून तुम्ही धास्तावलात आणि इथे विचारलंत. मी पारोळा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो. शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्लीही माझ्याकडेच असते. बरीच वर्षं याच वयाच्या मुलांना पुस्तकं देत आलोय, त्या अनुभवावरून सांगतो.

आधी भूक, तहान, थंडी यांची पुस्तकं द्या. जुलमी राजवटींची, म्हणजे डिस्टोपियन, त्यानंतर. राजवट माणसाकडून नेमकं काय हिसकावून घेते, हे कळायला आधी भाकरीची आणि पाण्याची किंमत पुस्तकातूनही एकदा अंगावर यावी लागते. उलट्या क्रमाने गेलेली मुलं मारामारीची पानं तेवढी वाचतात आणि मधली सोडून देतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

सुरुवात गॅरी पॉल्सनच्या ‘हॅचेट’ने करा. १९८७ सालचं, लहानसं, सोप्या इंग्रजीतलं पुस्तक आहे. तेरा वर्षांचा ब्रायन छोट्या विमानाने वडिलांकडे निघालेला असतो. वाटेत पायलटला हृदयविकाराचा झटका येतो आणि विमान कॅनडाच्या जंगलातल्या तळ्यात कोसळतं. जवळ फक्त आईने दिलेली छोटी कुऱ्हाड. तिच्या आधाराने तो ५४ दिवस काढतो. मला त्यातलं आग पेटवण्याचं प्रकरण सगळ्यात मोलाचं वाटतं. कुऱ्हाड दगडावर आदळली की ठिणगी पडते, एवढं त्याला कळतं. पण वाळलं गवत पेटत नाही, नोटेचे तुकडे पेटत नाहीत. शेवटी भूर्जाच्या सालीचे केसासारखे बारीक धागे काढून त्यात ठिणगी पाडतो, तरी ती विझतेच. मग लक्षात येतं की हवा कमी पडतेय, फुंकर घालायला हवी. हा भाग मी सातवीच्या वर्गाला अर्धा मराठीत, अर्धा अहिराणीत सांगत होतो. ‘मंग काय व्हयनं, सर?’ असं मागच्या बाकावरून सारखं चालू होतं. आणि ब्रायनच्या आधी एक मुलगी ओरडली, ‘फुंकणी!’ तिच्या घरी चूल होती. ज्या मुलीला वाचनाच्या तासाला कधी बोलतं करता आलं नव्हतं, तिला त्या दिवशी पुस्तकातल्या मुलापेक्षा जास्त कळत होतं.

दुसरं पुस्तक मराठीतलं, आणि माझ्या मते या सगळ्यात मोठं: ‘पाडस’. मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या १९३८ सालच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद. अमेरिकेतल्या फ्लॉरिडाच्या रानात बॅक्स्टर कुटुंबाची एकाकी शेती आहे. मका पिकला तर वर्ष निघतं, नाही तर उपास. अस्वल येतं, लांडगे येतात, पूर येतो. बापाला विषारी साप चावतो, तेव्हा विष ओढून घ्यायला तो एक हरिणी मारून तिचं काळीज जखमेवर लावतो, आणि तिचं पोरकं पाडस मुलगा ज्योडी घरी आणतो. पुढे पाडस मोठं होतं आणि मक्याचे कोंब खायला लागतं. यापुढचं मी सांगत नाही. एका कापूसवाल्या शेतकऱ्याच्या मुलाने हे पुस्तक शेवटची काही पानं राहिली असताना परत आणून दिलं. त्या वर्षी त्यांच्या घरची बैलजोडी विकली गेली होती. ‘मला माहीत आहे काय होणार आहे,’ एवढंच म्हणाला. मी आग्रह केला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर स्वतःहून मागून नेलं आणि पुरं केलं. ताई, मुलांना पुस्तकातलं दुःख झेपत नाही असं नाही. ते कधी झेपेल हे त्यांचं त्यांना ठरवू द्यावं लागतं. तुमच्या मुलीनेही एखादं पुस्तक मध्येच मिटलं, तर मिटू द्या.

मुलगी नायिका असलेलं हवं असेल तर स्कॉट ओडेलचं ‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’ बघा. बाईने हत्यार केलं तर अरिष्ट येतं, असं मानणाऱ्या समाजातली करना बेटावर एकटी उरते आणि हत्यार करायला बसते. याला खरा आधार आहे: कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन निकोलस बेटावर एक आदिवासी स्त्री १८ वर्षं एकटी राहिली आणि १८५३ मध्ये सापडली. जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबरीचा केलेला अनुवाद, ‘रान’, हाही याच जातीचा; आई गेल्यावर घनदाट जंगलात थोरली बहीण घर ओढते. पण त्याची लय संथ आहे, नववी-दहावीत द्या.

यातली दोन-तीन वाचून झाली की ‘हंगर गेम्स’ बिनधास्त हातात द्या. सुझन कॉलिन्सचं हे २००८ सालचं पुस्तक सिनेमापेक्षा खोल आहे, आणि तुम्हाला ज्याची भीती वाटते त्याहून महत्त्वाचं काहीतरी त्यात आहे. बळी द्यायच्या मुलांची नावं चिठ्ठ्या टाकून निघतात. बाराव्या वर्षी प्रत्येकाची एक चिठ्ठी, मग दर वर्षी एक वाढते. पण घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकून एका माणसाचं वर्षाचं तुटपुंजं धान्य-तेल घेता येतं. नायिका कॅटनिस सोळा वर्षांची, घरात तीन माणसं. आमच्या मुलांनी फळ्यावर हिशेब मांडला: पाच वर्षं, दर वर्षी तीन, म्हणजे पंधरा, वयाच्या पाच, एकूण वीस. नगराध्यक्षाच्या मुलीच्या पाचच. वर्ग गप्प झाला. मग एकाने विचारलं, ‘म्हणजे रेशनसाठी नाव द्यायचं?’ हा प्रश्न पडलेलं मूल त्या पुस्तकातल्या रक्ताने बिघडत नाही, याची मला खात्री आहे.

लोइस लॉरीचं ‘द गिव्हर’ (१९९३) त्याच्या आधी किंवा नंतर, कधीही चालेल. त्यात मारामारी नाही, भाषा फार सोपी. सगळं नीटनेटकं असलेल्या गावात रंग नाहीत, जुन्या आठवणी नाहीत, आणि बारा वर्षांच्या जोनासला हे हळूहळू कळत जातं. मात्र शेवटाकडे एका तान्ह्या बाळाचा प्रसंग आहे, तो फार जड आहे. त्या दिवशी घरात कोणीतरी तिच्याशी बोलायला असावं.

आपल्या भागासाठी मला खास वाटणारं पुस्तक म्हणजे नील आणि जॅरड शुस्टरमन या बापलेकांचं ‘ड्राय’ (२०१८). कॅलिफोर्नियात एक दिवस नळ कोरडे पडतात. आईवडील पाण्याच्या शोधात जातात आणि परत येत नाहीत; सोळा वर्षांची अलिसा आणि तिचा धाकटा भाऊ मागे राहतात. तीन-चार दिवसांत सभ्य शेजारी एकमेकांचे वैरी होतात. आमच्या गावात उन्हाळ्यात आठवड्याने नळ येतो, पारा ४५ च्या पुढे जातो, टँकरभोवतीची रेटारेटी मुलं डोळ्यांनी बघतात. त्यामुळे हे त्यांना लांबच्या भविष्यातलं वाटत नाही. बंदुका आणि हिंसा आहे, म्हणून चौदा पूर्ण झाल्यावरच.

गोल्डिंगचं ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ मात्र दोन वर्षं थांबवा. मी ते आठवीतल्या एका हुशार मुलीला दिलं होतं, इंग्रजी चांगलं म्हणून. तिला शब्द समजले, पण बेटावर अडकलेल्या मुलांचं क्रूर होत जाणं तिने एकटीने सोसलं आणि मला बऱ्याच उशिरा सांगितलं. तेव्हापासून मी इंग्रजीचा पेपर बघून पुस्तक देत नाही. ऑर्वेलचं ‘१९८४’ दहावीनंतर. त्याचंच ‘अ‍ॅनिमल फार्म’ मात्र आत्ताही चालेल.

मराठीत मुळातून लिहिलेलं हवं तर जयंत नारळीकरांचं ‘वामन परत न आला’ द्या. आपल्याआधीच्या एका प्रगत संस्कृतीचे अवशेष सापडतात, त्यावरून यंत्रमानव बनतो, आणि ती संस्कृती का बुडाली ते उलगडत जातं. सध्या मुलं यंत्राशी गप्पा मारतात, तेव्हा हे वाचायलाच हवं. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ही आहे: वानरांच्या टोळ्या, जागेसाठी झुंज, नवा म्होरक्या. शंभर पानांच्या आसपास, पण निर्दय. पंधराव्या वर्षी द्या.

सगळी एकदम विकत घेऊ नका. मराठीतली आधी जवळच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा, ‘पाडस’ बहुतेक मिळतंच. ‘हॅचेट’ तेवढं विकत घ्या आणि पहिली दोन प्रकरणं तुम्ही दोघी मिळून मोठ्याने वाचा. ते संपलं की तिला विचारा, तुझ्याजवळ एकच वस्तू राहणार असेल तर कोणती ठेवशील? आमच्या वर्गात विळा, आगपेटी, दोरी, मोबाइल अशी उत्तरं आली. एक मुलगी म्हणाली, ‘हंडा. ब्रायनच्या समोर तळं होतं म्हणून त्याला कुऱ्हाड पुरली.’