‘उत्तर नाही आलं तर?’ : पीएचडीच्या मुलाखतीआधीची भीती

परदेशातल्या पीएचडीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं की तयारीसाठी माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं तीच भीती घेऊन येतात : प्रश्न विचारला आणि उत्तर आलंच नाही तर? तिला चिकटून दुसरी असते, आपलं इंग्रजी त्यांना कळेल का. तिसरी जरा उशिरा बोलली जाते : त्यांची स्वतःची मुलं असताना ते आपल्याला घेतीलच कशाला?

एका जानेवारीत आलेल्या मुलीच्या मनात या तिन्ही होत्या. घर सातारा जिल्ह्यात, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, ही पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून कोथरूडला पेइंग गेस्ट म्हणून राहिलेली. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाच्या स्टुडंटशिपसाठी, म्हणजे फी आणि राहण्याचा खर्च देणाऱ्या पीएचडीच्या जागेसाठी, तिची निवड मुलाखतीपर्यंत आली होती. पाच मिनिटांचं सादरीकरण, मग वीसेक मिनिटं प्रश्न, समोर तिघांचं पॅनेल. तिने जाड वही भरून आणली होती. ग्रॅम स्टेनिंगच्या पायऱ्या, ग्लायकोलिसिस, व्याख्या, सगळं बी.एस्सी.पासूनचं. ‘मॅडम, यातलं काहीही विचारा.’

मी वही मिटून बाजूला ठेवायला सांगितली. ती तयारी व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची होती. आपल्याकडे बाहेरचे परीक्षक येतात, व्याख्या विचारतात, आली तर मार्क, नाही आली की मान खाली. वर्षानुवर्षं तेच केल्यामुळे मुलांना मुलाखत म्हणजे तेच वाटतं. स्टुडंटशिपच्या पॅनेलसमोरचा प्रश्न वेगळा असतो. तीन-चार वर्षांचा पैसा आणि प्रयोगशाळेतली जागा कोणाच्या हाती द्यायची, हे त्यांना ठरवायचं असतं. म्हणून ते तुमच्याच कामावर विचारत जातात आणि बरेचदा उत्तरं संपेपर्यंत विचारतात. उत्तर संपलं म्हणजे मुलाखत बिघडली असं अजिबात नाही. तिथून पुढे तुम्ही कसा विचार करता, तेच त्यांना बघायचं असतं.

मी तिच्या विषयातली नाही, आणि अशा सरावात त्याचा उपयोगच होतो. पॅनेलवरही बहुधा कोणीतरी दुसऱ्या विषयाचं असतं. तिला म्हटलं, तुझा प्रकल्प मला समजावून सांग. जिवाणू पृष्ठभागावर चिकटून जो थर करतात, त्या बायोफिल्मवर लवंगेच्या अर्काचा काय परिणाम होतो, हे तिने पाहिलं होतं. 96 छोटे खळगे (वेल) असलेली प्लेट, त्यात जिवाणू वाढवायचे, अर्क घालायचा, धुवायचं, क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायचं आणि रंग किती धरला ते यंत्रावर मोजायचं.

‘हाच रंग का वापरलास?’
‘सरांनी सांगितलं.’
‘अर्क कशात विरघळवला होतास?’
‘इथेनॉलमध्ये.’
‘मग रंग कमी झाला तो लवंगेमुळे की इथेनॉलमुळे, हे कसं कळलं?’

याचं उत्तर तिच्याकडे होतं. काही वेलमध्ये तिने नुसतं इथेनॉल घातलं होतं. पण हे महत्त्वाचं आहे असं तिला वाटलंच नव्हतं, म्हणून सादरीकरणात ते कुठेच नव्हतं. खरं काम तिने केलेलं होतं आणि दाखवत होती पाठांतर. हुशार मुलांच्या बाबतीत हे इतक्यांदा पाहते की जीव तुटतो.

रंगाचं उत्तर शोधायला मी तिला परत सरांकडे पाठवलं. चार दिवसांनी आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. क्रिस्टल व्हायोलेट जिवंत जिवाणूंना लागतो, मेलेल्यांना लागतो आणि थरातल्या चिकट द्रव्यालाही लागतो. म्हणजे रंग कमी झाला तर थर कमी झाला एवढंच कळतं, उरलेले जिवाणू जिवंत की मेलेले ते कळत नाही. आणि प्रबंधात तिने लिहिलं होतं की अर्काने जिवाणू मरतात.

‘म्हणजे माझं चुकलंच ना, मॅडम?’

तिला म्हटलं, तुझी मुलाखत आत्ता तयार झाली. सादरीकरणात ‘मरतात’च्या जागी ‘थर कमी होतो’ आलं. पुढे काय करशील या प्रश्नाचं उत्तरही आपोआप मिळालं : उरलेल्या थरातले जिवाणू प्लेटवर वाढवून वसाहती मोजायच्या. हा प्रश्न बहुतेक मुलाखतींत कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच.

आणखी एक सवय मोडावी लागली. तिच्या प्रत्येक वाक्यात ‘आम्ही केलं’ होतं. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, आणि त्यामागचा संस्कार चांगलाच आहे. पण पॅनेलला तिच्या हातांनी काय केलं ते हवं असतं. प्लेट कोणी लावली, आकडेमोड कोणी केली, ते स्वच्छ सांगायचं आणि सरांनी जे शिकवलं त्याचं श्रेय त्यांना द्यायचं.

मग मुद्दाम अडकवण्याचा सराव. संशोधनातून आलेल्या माझ्या एका सहकारी मैत्रिणीने तिला न येणारंच विचारलं. आधी ती गप्प व्हायची, नाहीतर भरभर काहीतरी बोलून टाकायची. तिला एकच क्रम धरायला लावला : मला एवढं माहीत आहे, यावरून मला असं वाटतं, आणि ते खरं आहे का हे मी असं तपासेन. ‘मला माहीत नाही’ म्हणायला हरकत नाही, फक्त तिथे थांबायचं नाही.

उच्चारांबद्दल फार लिहीत नाही, कारण भीती मोठी आणि अडचण छोटी असते. सावकाश बोला. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, त्याचे गुण कापत नाहीत. उत्तरं पडद्यावर लिहून वाचू नका, डोळे हलतात ते समोरच्याला दिसतं.

‘आम्हाला कशाला घेतील’ याचं उत्तर मात्र नीट द्यायला हवं. ब्रिटनमधला बराचसा सरकारी संशोधन निधी यूकेआरआय (यूके रिसर्च अँड इनोव्हेशन) या संस्थेमार्फत जातो. 2021 पासून त्यांच्या स्टुडंटशिप बाहेरच्या देशातल्या विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत, पण एका अनुदानातल्या प्रवेशांपैकी साधारण 30 टक्क्यांपर्यंतच. म्हणजे चुरस जास्त, हे खरं. पण तुम्ही भारतातले आहात हे बोलावतानाच त्यांना ठाऊक असतं. ‘पुण्यात एनसीएल आहे, आयसर आहे, मग इथे का?’ असं पुण्यातल्या या संशोधन संस्थांची नावं घेऊन कोणी विचारलं तर तो आकस समजू नका. विद्यापीठाच्या क्रमवारीचं कौतुक हे त्याचं उत्तर नव्हे. तिने सुपरवायझरचे दोन शोधनिबंध बारकाईने वाचले आणि त्यातली कोणती पद्धत शिकायची आहे ते सांगायचं ठरवलं.

एकदा वडील सोबत आले. त्यांचा प्रश्न सरळ होता : ‘मॅडम, स्टुडंटशिप म्हणजे सगळं त्यातच आलं ना?’ सगळं येत नाही, आणि हे आधी कळलेलं बरं. यूकेआरआयचा किमान स्टायपेंड, म्हणजे राहण्या-खाण्यासाठीचं विद्यावेतन, 2025-26 साठी वर्षाला 20,780 पौंड होता. फी मात्र ते तिथल्या स्थानिक दराने भरतात. परदेशी विद्यार्थ्यांची फी त्याहून बरीच जास्त असते. वरची रक्कम विद्यापीठ माफ करतं की नाही, हे पॅनेलला न विचारता प्रवेश कार्यालयाला ईमेलने आधीच विचारायचं. शिवाय व्हिसाच्या वेळी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम. चार वर्षांचे तीन हजारांहून जास्त पौंड हातात स्टायपेंड पडायच्या आधीच जातात. वडिलांनी हे सगळं डायरीत लिहून घेतलं.

मुलाखत गुरुवारी होती. पुण्यात गुरुवार म्हणजे देखभालीसाठी वीज जाण्याचा वार, त्यामुळे खोलीवर न बसता तिने इन्व्हर्टर असलेल्या मैत्रिणीचं घर गाठलं. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे सरकली की हाच साडेपाच तासांचा फरक साडेचार तासांचा होतो.

पॅनेलने तिला कॉन्फोकल मायक्रोस्कोपबद्दल विचारलं. तिने तो कधी वापरलेला नव्हता. तसं तिने सांगितलं, मग म्हणाली की त्याने थराच्या आतल्या वेगवेगळ्या खोलीवरच्या प्रतिमा मिळतात एवढं वाचलंय, आणि आपण आधी हे तपासू की रंग थराच्या तळापर्यंत पोचतो का. त्यावर तिघांपैकी दोघे आपसातच बोलायला लागले, असं तिने मला फोनवर सांगितलं. रंगाच्या मर्यादेचा मुद्दा तर तिने कोणी विचारायच्या आधीच मांडला होता.

निकाल आला तो राखीव यादीचा. ती दोन दिवस जेवली नाही. राखीव म्हणजे सौम्य शब्दांतला नकार, असंच घरात सगळ्यांनी धरलं. पण ज्यांना पहिल्यांदा जागा मिळते त्यांच्या हातात बरेचदा दुसऱ्या ठिकाणचीही असते, आणि ते सोडून गेले की यादी सरकते. तिने आभाराचं छोटं पत्र लिहिलं आणि अजून इच्छुक असल्याचं कळवलं. एप्रिलमध्ये जागा मिळाली, फीमधला फरक विद्यापीठाने माफ केला. मग क्षयरोगाची तपासणी आणि तिच्या विषयाला लागणारं एटीएएस प्रमाणपत्र (काही संवेदनशील विषयांसाठी ब्रिटन सरकारची पूर्वपरवानगी), ज्याला शुल्क नाही पण वेळ लागतो. अधिभाराच्या पैशांसाठी वडिलांनी शिक्षकांच्या पतपेढीत फेब्रुवारीतच अर्ज करून ठेवला होता.